गणेशची माय, दोनदा

आमच्या महिला संघाच्या गोंदियातल्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसणारी ती पोरगी बोलता बोलता नखानं स्क्रीनवर टकटक करते. “मावशी, एका बाईची एकच ओळ. गावाचा, धंद्याचा, महिन्याचा, सगळे चार्ट याच टेबलातून निघतात.” हे ती मला दरवेळी समजावते, न चिडता.

परवा टकटक थांबली. दवनीवाड्याच्या माझ्या गटाच्या यादीत मी दोन जागी ‘गणेशची माय’ लिहून दिलं होतं.

“दोघी एकच धरल्या गेल्या, तर एक चार्टमधून गायब. मग शिलाई मशीनसाठी तिचा नंबर लागेल कसा? इनका नाम क्या है, मावशी?”

एकीचं सांगितलं. दुसरीचं येईना. गटाची अध्यक्ष मी, तिच्या पोराच्या लग्नात पंगतीला वाढलेली!

“फोन लाव ना,” मी म्हटलं.

“फोनवर तिचा नवराच बोलतो. चला, घरीच जाऊ.” तिनं स्कूटी काढली.

तिच्या दारात नाव पोरीनंच विचारलं. ती बाई माझ्याकडे पाहून हसली. “काऊन अध्यक्षबाई, तुमाले नाई मालूम? शेवंता.” अन् चहा ठेवायला आत गेली.

पोरीनं तिथंच लॅपटॉप उघडून ओळ भरली. माझ्यासाठी खाट टाकली होती, पण मी दारातच उभी राहिले.