करडईच्या तेलातला कोळसा

पाथरीच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो, तेही हंगामी. बायको आणि तान्हं पोर पालमला, तिच्या माहेरी. सासऱ्यांचं म्हणणं रोखठोक होतं : "आदी कायम व्हा जावईबापू, मग न्या लेकीला." कायम होणं एका पाठावर अडलं होतं, आणि नामांतराच्या बंदमुळं लांबत गेलेला तो पाठ पाहायला शिक्षणखात्याचे साहेब अखेर येणार होते.

मी कोळसा निवडला. रुळाकडेला सापडलेला तुकडा. एक पट्टी चकचकीत, एक मळकट. जुन्या दलदलीत जी झाडं पाण्याखालीच राहिली, ती दबून घट्ट, चकचकीत झाली. त्यांची छिद्रं डोळ्याला दिसायची नाहीत. दलदल सुकून वणवा लागला, तिथलं लाकूड जळून कोळपलं, पण त्याच्या नळ्या पोकळच राहिल्या. तीच मळकट पट्टी. तुकडा पाण्यात सोडला की तिच्यातून बुडबुडे निघत. "मुलांनो, ही दलदल अजून श्वास घेते," असं वाक्यही मी आरशासमोर घोकलं होतं.

आदल्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "गुरुजी, सगळं चकाकलं पाहिजे."

आमच्याकडं काळा दगड दिसला की हात तेलाकडं जातो. मारुतीला घालतात तसं मी कोळशाला करडईचं तेल चोळलं. मळकट पट्टी तेल पीतच राहिली. केवढी ही छिद्रं, म्हणून मी हरखलो! एवढं कळलं, पुढचं कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात तुकडा पाण्यात सोडला. तो मुकाट तळाला बसला. वर तेलाचा तवंग आला. नळ्यांतल्या हवेची जागा तेलानं घेतली होती.

"बुडबुडे कुठायत?" साहेब म्हणाले.

"येतील, साहेब."

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, नारळ फोडायचा ऱ्हायला!"

वर्ग हसला. साहेबही हसले, आणि तेवढ्यात मला कळलं की बायको-पोराची पालमची खोली काही रिकामी होत नाही.

जागा दुसऱ्याला मिळाली. सामान बांधायच्या दिवशी रॉकेल संपलं होतं, म्हणून चहासाठी शेगडी पेटवली आणि तो तुकडा तीत टाकला. तेलामुळं झटकन पेटला. मळकट पट्टीतून फसफसत बुडबुडे आले, कितीतरी वेळ येत राहिले. पाहायला मी एकटाच होतो. चहाला करडईचा वास लागला. प्यायलो, आणि पालमची एसटी धरली.