भिंतीपलीकडचा बिगूल

या प्रकरणात गुन्हा दाखल झाला नाही, कोणाला अटक झाली नाही, वर्तमानपत्रात एक ओळही आली नाही. तरी माझ्या सगळ्या नोकरीतलं नेमकं हेच प्रकरण मला वारंवार आठवतं. खून-दरोड्याची गोष्ट काढली की लोक खुर्ची पुढे ओढून बसतात, हे मला ठाऊक आहे. आज मात्र मी हीच सांगणार आहे. नावं कोणाचीच घेणार नाही.

मी तेव्हा पुण्यात, लष्करी हद्दीला लागून असलेल्या एका ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. ठाण्याच्या मागच्या रस्त्यापलीकडे एका लष्करी केंद्राची उंच दगडी भिंत होती. भिंतीलगत फूटपाथ आणि कोपऱ्यावर चहाची टपरी. आमच्या हद्दीत चोऱ्या कमी आणि तक्रारअर्ज जास्त. शिकलेल्या आणि निवृत्त माणसांची वस्ती असली की ठाणे अंमलदाराचा दिवस अर्जांना पोच देण्यात जातो.

खबर आणली ती अशाच एका निवृत्त प्राध्यापकांनी. ते रोज संध्याकाळी त्या रस्त्याने फिरायला जात. समोर बसल्यावर त्यांनी आधी आमच्या भिंतीवरचं घड्याळ मागे आहे हे सांगितलं आणि मग मुद्द्यावर आले.

"एक मनुष्य रोज सूर्यास्ताच्या सुमारास टपरीवर येतो. पन्नाशी उलटलेला, सडपातळ. आत बिगूल वाजला की चहाचा ग्लास खाली ठेवतो, भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि मोबाइल हातात धरतो. बिगूल थांबला की निघून जातो. मी कित्येक दिवस पाहतो आहे. खरं तर हे आपण पाहायचं. पण आपण गाड्या उचलण्यात व्यग्र असता, म्हणून म्हटलं मीच पाहावं."

"भिंतीकडे तोंड करून?" मी विचारलं.

"भिंतीकडे. फाटक बाजूला आहे, तिकडे ढुंकूनही पाहत नाही. त्या दगडांत पाहण्यासारखं काय आहे, ते आपण शोधा. मी इतिहास शिकवत होतो, भूगर्भशास्त्र नव्हे."

टोमणा टोमण्याच्या जागी, पण खबर दुर्लक्ष करण्यासारखी नव्हती. लष्करी भिंतीजवळ रोज मोबाइल धरून उभा राहणारा माणूस सोडून द्यायचे ते दिवस नव्हते. मी आमच्या एका जुन्या हवालदाराला साध्या कपड्यांत टपरीवर बसवलं. त्याने खबरीला दुजोरा दिला आणि दुसऱ्याच संध्याकाळी त्या माणसाला चौकशीकामी ठाण्यात आणलं.

नाव, गाव त्याने सरळ सांगितलं. राहणार वाघोली. एका सरकारी कार्यालयात चौकीदार. ओळखपत्र खरं होतं. मोबाइलमध्ये एकही फोटो निघाला नाही. निघाले ते नुसते आवाज. रोजचा बिगूल, रोज वेगळा जपून ठेवलेला. मी लष्कराच्या सुरक्षा विभागाला कळवलं. त्यांचे एक अधिकारी साध्या वेशात आले, त्यांनी दोन-चार आवाज ऐकले आणि म्हणाले, "हा रिट्रीटचा बिगूल आहे. संध्याकाळी झेंडा उतरवताना वाजतो. यात गुपित काही नाही. पण रोज येऊन हे कोणी का साठवेल?"

तोच प्रश्न आम्ही त्याला विचारत होतो. उत्तर येत नव्हतं. खोटं बोलणारा माणूस जास्त बोलतो, हा माझा अनुभव. विचारलं नाही तेही सांगतो. हा मात्र पुण्यातल्या दुपारच्या दुकानासारखा बंद झाला तो उघडेचना. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता.

"साहेब, काय लिवायचं ते लिवा. फकस्त घरी अन् हापिसात कळवू नका."

असं कोणी म्हटलं की पोलिसाचा संशय वाढतो. कार्यालयाचं मला समजत होतं. तो थोड्याच महिन्यांत निवृत्त होणार होता. सरकारी नोकर दोन दिवसांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो, आणि गुन्हा उभा राहिला तर निवृत्तिवेतन अडकतं. माझ्या एका सहीवर त्याचं म्हातारपण टांगलेलं होतं. पण घरी कळलं तर काय बिघडणार होतं? हवालदाराचं मत साधं होतं, की बाईची भानगड असणार. त्याच्या मते जगातल्या सगळ्या भानगडी त्याच असतात.

मोबाइल ठेवून घेतला, स्टेशन डायरीत नोंद केली आणि त्याला दुसऱ्या दिवशी हजर राहायला सांगून सोडलं. पत्त्याची खातरजमा करायला शिपाई वाघोलीला पाठवला.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा दाढी गुळगुळीत, सदऱ्याला इस्त्री. लष्कराचे ते अधिकारी माझ्या बाजूला बसले होते. प्रश्न तेच, गप्प बसणंही तेच. खिडकीतलं ऊन उतरत गेलं. मी कंटाळून चहा मागवायला वळलो, तेवढ्यात मागच्या रस्त्याकडून बिगुलाचा बारीक आवाज आला.

तो खुर्चीतून उठला. टाचा जुळल्या, मुठी मांड्यांना चिकटल्या, आणि माझ्याकडे पाठ करून तो खिडकीकडे तोंड करून ताठ उभा राहिला.

"ए! बस खाली!" हवालदार ओरडला. "कोणी सांगितलं उठायला?"

त्याला ते ऐकूच गेलं नाही. मी हवालदाराला आवरायला मान वळवली, तर माझ्या शेजारची खुर्चीही रिकामी. सुरक्षा विभागाचे अधिकारीही उठले होते आणि त्याच दिशेला तोंड करून उभे होते. ज्याच्यावर संशय तो आणि ज्यांचा संशय ते, दोघे एकाच रेषेत स्तब्ध. बसलेले आम्ही दोघे पोलीस तेवढे बावळट दिसत होतो.

मला नंतर कळलं, फौजेत हा रिवाजच आहे. रिट्रीट वाजली की जो जिथे असेल तिथे थांबतो आणि झेंड्याच्या दिशेने तोंड करून उभा राहतो. झेंडा दिसो वा न दिसो. त्या भिंतीच्या बरोबर पलीकडे झेंड्याचा खांब होता. आमच्या प्राध्यापकांना दगड दिसत होते, याला झेंडा दिसत होता.

आवाज थांबला. अधिकारी बसले, पण तो उभाच होता. त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "कौन-सी पलटन?"

त्याने नंबर, हुद्दा आणि पलटणीचं नाव एका दमात सांगितलं. आणि त्याचे डोळे भरून आले. काल कागदावर जे लिहून मिळत नव्हतं ते त्या एका प्रश्नाने मिळालं. माझी इतक्या वर्षांची चौकशीची विद्या बाजूला राहिली.

त्याची हकीकत अशी. ऐन तिशीत, बायकोच्या हृदयाची झडप खराब झाली. ऑपरेशन पुण्यात व्हायचं होतं, घरी करणारं कोणी नव्हतं. त्याने स्वतः अर्ज करून फौज सोडली. पेन्शनला लागणारी वर्षं पुरी व्हायला थोडी बाकी होती, तरी सोडली. बायको वाचली. तो घरी आल्यावर लवकरच त्याची पलटण सरहद्दीवर लढायला गेली, आणि बरोबरचे सगळे परत आले नाहीत.

"मुदतीआधी सोडून आलेला मानूस मी," तो म्हणाला. "मी फौजी हाय, असं कंच्या तोंडानं सांगू, साहेब? म्हनून भाईरनंच हुबा राहतो."

"आणि आवाज कशाला साठवले?"

"रोजचा येगळा असतो. वाजवनारा नवा असला तर शेवटाला दम कमी पडतो. पावसात येता न्हाई आलं, तर ऐकतो पडल्या पडल्या."

एवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. बारीक चणीची, हातात कापडी पिशवी. पत्त्याच्या चौकशीला गेलेल्या शिपायामुळे तिला कळलं होतं, आणि बस बदलत ती एकटी वाघोलीहून आली होती. नवऱ्याने तिला पाहिलं आणि मान खाली घातली.

"साहेब, काय केलंय यांनी?"

मी सांगितलं. ती ऐकत राहिली. आश्चर्य तिच्या चेहऱ्यावर कुठेच दिसलं नाही.

"मला ठावं हाय," ती म्हणाली. "मला सांगत्यात, कामावरनं सुटलो की हास्यक्लबला जातो. घरात कवा हसला न्हाई हा मानूस, भाईर जाऊन काय हसनार?"

"कधीपासून माहीत आहे?"

"लई दिसांपासनं. रोज तिन्हीसांजंला मी एकटीच असते घरात. अन् पावसाचं घरी असले की रातीला मोबाइलवर बिगूल वाजवत्यात उशाशी, मी झोपलीय असं समजून. माझ्यापायी सोडली नव्हं का फौज! मग मी कशी इचारू?"

म्हणजे 'घरी कळवू नका' याचा अर्थ हा होता. ज्या बायकोसाठी फौज सोडली, तिला आपल्याला फौजेची आठवण येते हे कळू द्यायचं नव्हतं. आणि तिला ते कळलं आहे, हे त्याला माहीत नव्हतं. एका खोलीत इतकी वर्षं राहून दोघं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होते.

मग तिने खरा पेच सांगितला. चौकीदाराची नोकरी त्याला माजी सैनिक म्हणून वयाची सवलत मिळून, फार उशिरा लागली होती. निवृत्तिवेतनाला लागते तेवढी सेवा त्यात भरत नव्हती. फौजेतली वर्षं या नोकरीला जोडून घेतली तर भरत होती. नियमात तशी सोय होती. त्यासाठी फौज सोडताना मिळालेली रक्कम परत भरायची आणि तसा विकल्प निवृत्तीच्या आत लिहून द्यायचा. रकमेची सोय तिने करून ठेवली होती. तो सही करत नव्हता.

"का करत नाही?" मी त्याला विचारलं. "हक्काचं मिळतंय ते."

तो म्हणाला, "साहेब, सही केली की ती वर्सं चौकीदाराच्या सर्विसात गेली. भुसा भरावा तशी त्येच्यात भरली. मग माझ्याकडं फौजेचं काय ऱ्हायलं?"

मी समोरची डायरी मिटली. लष्कराचे अधिकारी खिडकीबाहेर पाहत होते. बोलली ती बाई. पिशवीतून विकल्पाचा अर्ज काढून तिने माझ्या टेबलावर ठेवला.

"मी ऱ्हायले की. फौज देऊन मला घेतलंत तुमी. तुमच्या मागं मी काय खाऊ, ते तरी सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं असेल. मी माझं पेन पुढे केलं. त्याने सही केली, सावकाश, वळणदार अक्षरात, आणि पेन टोपण लावून परत दिलं.

त्याच्या पलटणीच्या अभिलेख कार्यालयाकडून खात्री करून घेतली. उत्तर लवकर आलं, वर्तन उत्तम असा शेरा होता. मी चौकशी बंद केली आणि गुन्हा काही नाही असं नोंदवून वर कळवलं. लष्कराच्या नियमाप्रमाणे मोबाइलमधले आवाज मात्र पुसावे लागले. ते त्याने माझ्यासमोर स्वतः पुसले. प्रत्येक पुसताना आधी थोडा ऐकत होता. हवालदार तोंड फिरवून रजिस्टर चाळत बसला होता, आणि रजिस्टर उलटं धरलं आहे हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. पुढे कळलं की विकल्प मंजूर झाला, सेवा जोडली गेली आणि तो पूर्ण निवृत्तिवेतनावर सुटला.

काही वर्षांनी मीही निवृत्त झालो. निवृत्त पोलिसाची संध्याकाळ फार वाईट असते. फोन वाजत नाही, कोणी सॅल्यूट करत नाही, सोसायटीचा वॉचमनसुद्धा ओळखपत्र विचारतो. ठाण्याच्या आठवणीने जीव कासावीस व्हायचा. मग मी रोज संध्याकाळी कर्वेनगरहून निघून स्वारगेटला बस बदलून जुन्या ठाण्यात चहाला जाऊ लागलो. तिथली नवी पोरं खुर्ची देत, चहा देत आणि मी कधी उठतो याची वाट पाहत. मला ते दिसायचं, तरी मी जायचो.

असाच एकदा स्वारगेटला उभा असताना तो भेटला. केस पांढरे झाले होते, पाठ तशीच ताठ. मी पेन्शनचं विचारलं.

"येती वेळेवर. समदी वर्सं धरली."

"आणि मंडळी कशा आहेत?"

"गेली साहेब. झडपेनं शेवटी दगा दिलाच."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "अजून जाता का तिकडे, भिंतीपाशी?"

त्याने मान हलवली. "न्हाई. आता तिन्हीसांजंला घरीच बसतो, दिवा लावून. ती व्हती तवा या टायमाला मी घरात कवाच नसायचो."

त्याची वाघोलीची बस आली. दिवेलागणीच्या आत पोचायचं म्हणून तो घाईने चढला.

चौकशीत आम्ही माणसाला हटकून विचारतो, की रोज कुठे जातोस, कोणाला भेटतोस. जाताना घरात कोणाला एकटं सोडून जातोस, हे मी एवढ्या नोकरीत एकालाही विचारलं नाही. आठवण येणं हा गुन्हा नाही. पण मागे सुटून गेलेल्या दिवसांकडे पाहत राहिलं की समोर बसलेलं माणूस दिसेनासं होतं. दिसू लागतं तेव्हा त्याची जायची वेळ झालेली असते. त्या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच, आणि तेही प्रकरण मिटल्यावर कित्येक वर्षांनी, बसच्या रांगेत.

ठाण्याकडे जाणारी माझी बस समोर लागली होती. मी ती सोडली, रस्ता ओलांडला आणि उलट दिशेची बस धरली. घरी पोचलो तेव्हा बायको गॅलरीत एकटीच भाजी निवडत बसली होती. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "आज ठाण्याला सुट्टी आहे वाटतं?"

मी चपला काढल्या आणि तिच्या समोर मेथीची जुडी घेऊन बसलो.