नावं संपेपर्यंत दार बंद

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीच्या वर्गात थोडे दिवस बसलो होतो, पण मास्तरांचं आणि माझं पटलं नाही, म्हणून ते मी धरत नाही. पुढं चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस शॉपला पत्रे दाबत उमर काढली. रिटायर झाल्यावर घरी बसून लोकांच्या चुका काढायला लागलो, तेव्हा बायको म्हणाली, कुठंतरी उभं राहा. म्हणून उभा राहिलो. एका मॉलमधल्या थिएटरच्या दारावर, एजन्सीच्या वर्दीत, कमरेला बॅटरी लावून. आमच्या थेरगावात डांगे चौकापर्यंत मला आता टॉकीजवाले बाबा म्हणतात. मला ते आवडतं. कशाला खोटं बोलू.

दारावरचा माणूस सिनेमा बघत नाही हे कुणाला खरं वाटत नाही. दार जाड असतं, आतल्या बाजूनं गादी मारलेलं. बाहेर बोलणं येत नाही, नुसती धडधड येते. पण सवयीनं दारावर तळवा ठेवला की मला कळतं, आत मारामारी चाललीय का लग्न. असे किती सिनेमे मी हातानं ऐकलेत त्याचा हिशोब नाही.

माझं खरं काम शेवटी असतं. पडद्यावर नावं सुरू झाली की दाराचे दोन्ही पट उघडायचे आणि माणसं बाहेर काढायची. याला कारण आहे. सफाईला दोन बायका आहेत, दोघी पिंपळे गुरवच्या. एक माझ्या लेकीच्या वयाची, दुसरी तिच्याहून थोरली. थोरलीला मी ताई म्हणतो. दोन खेळांच्या मधल्या तेवढ्याशा वेळात त्यांनी अख्खं थिएटर झाडायचं. लाह्या, सांडलेला कोला, खुर्चीच्या फटीत खोचलेले कागद. पुढचा खेळ त्यांच्यामुळं लांबला की सुपरवायझर अर्धा दिवस कापतो. लोक जितके लवकर उठतील तितकं त्यांना सुख. म्हणून मी दार कधी उशिरा उघडलं नाही, आणि कुणी रेंगाळलं तर बॅटरी मारायला लाजलो नाही.

मग तो हेराचा सिनेमा लागला.

पहिल्या दिवशी रांगेत कालवा होता. तरणी पोरं, पोरी, काही माझ्या वयाला टेकलेलेसुद्धा. मला वाटलं गाणी झकास असतील. तर त्यांच्या बोलण्यातून कळलं, गाणं एकही नाही. ही सगळी नुसत्या वाजवण्यासाठी आलीत. शंभरावर माणसं एका ठिकाणी बसून वाजवतात म्हणे, व्हायोलिनं, पितळी भोंगे, मोठाले ढोल, आणि ते सिनेमाच्या मागं चालतं. रांगेतच दोन तट पडले होते. एक म्हणे आधीच्या भागाची धून भारी होती, तिच्यापुढं ही काहीच नाही. दुसरा म्हणे, राव, तू ट्रेलरवर बोलतोयस, आत जाऊन ये मग बोल. त्या दुसऱ्याच्या अंगावर चाकणच्या कुठल्यातरी कंपनीचा गणवेश होता. पहिली शिफ्ट मारून थेट आला होता, बॅगेत जेवणाचा डबा तसाच. मी मनात म्हटलं, गाणं नाही, शब्द नाही, आणि हा माणूस घरी झोपायचा सोडून इथं आला. आराम जड झालाय लोकांना.

खेळ संपला. नावं सुरू झाली. मी दार उघडलं. कुणीच उठलं नाही.

इतक्या वर्षांत हे असं बघितलं नव्हतं. लोक नावं यायच्या आधीच चपला शोधत असतात. आणि ही माणसं बसलेली, हलत नव्हती. माझ्या दारातून पॅसेजचा पांढरा उजेड सरळ पडद्यावर गेला. सगळी डोकी एकदम माझ्याकडं वळली आणि आवाज आला, "काका, दार."

आता मला कुणी दार लाव म्हणायचं म्हणजे. मी दोन्ही पट आणखी ताणून उघडले आणि मधे उभा राहिलो. माझ्यामागं ताई झाडू घेऊन खोळंबलेली. म्हटलं, "सिनेमा संपलाय. घरी जा." ते शेवटचं वाजवणं संपेपर्यंत बसले, माझ्याकडं रागानं बघत बाहेर पडले. गणवेशवाला जाताना हळूच म्हणाला, "काका, त्याच्यासाठीच तर आलो होतो ओ." मी ताईला आत सोडलं.

असं तीन-चार दिवस चाललं. कित्येक तर तेच चेहरे, परत परत तिकीट काढून येणारे. ते बसायचे, मी उघडायचो. आमचं रोजचं भांडणच होऊन बसलं.

मग मॅनेजरनं बोलावलं. हा पोरगेला माणूस, स्वभावानं वाईट नाही. त्यानं मोबाइलवर लोकांनी लिहिलेलं मला वाचून दाखवलं. एकानं लिहिलं होतं, शेवटच्या व्हायोलिनला अंगावर काटा आला. एकीनं लिहिलं होतं, ढोल सुरू झाले तेव्हा शेजारच्या अनोळखी बाईनं माझा हात धरला आणि आम्ही दोघी रडलो. एकानं तक्रार केली होती की मधे आवाज फार मोठा आहे, तर त्याला दहा जणांनी झोडपला होता. आणि याच्यामधे मी होतो. 'म्युझिक स्वर्ग, पण दारावरचा म्हातारा यमदूत.' हे वाचताना मॅनेजरला हसू आलं, ते त्यानं दाबलं. मग म्हणाला, वरून विचारणा झालीय. एजन्सी मला पुढच्या महिन्यापासून चाकणला एका गोडाऊनच्या गेटवर टाकणार आहे. उन्हातलं गेट, ट्रक मोजायचे.

मी विचारलं, "दार उशिरा उघडलं तर बायकांचा अर्धा दिवस कापणार न्हाई, असं लिहून देता का?"

त्यानं मोबाइल टेबलावर उलटा ठेवला. ते त्याच्या हातात नव्हतं. मग मी पण माफी मागितली नाही. माझं चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती कंपनीच्या कॅन्टीनला चपात्या लाटून रिटायर झालेली बाई, माझ्या रागाचं तिला कौतुक नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की ती माणसं नेमकं काय ऐकत बसतात. मला सांगता येईना. मी ते फक्त दारावरून हातानं ऐकलं होतं. "म्हंजे न बघताच भांडताय व्हय," ती म्हणाली, आणि कपाटातून चांगलं लुगडं काढलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दुपारच्या खेळाला गेलो. मॅनेजर पास देत होता, तो मी घेतला नाही. आपल्या पैशाचं तिकीट काढून, आपल्याच दारातून आत गेलो. बदलीच्या गार्डनं सलाम ठोकला. नवा माणूस होता, त्याला काम मीच शिकवलेलं.

सिनेमात एक हेर आहे. दुसऱ्या मुलखात दुसऱ्या नावानं राहतो. त्याचं खरं नाव शेवटपर्यंत कुणी घेत नाही. शेवटी परत येतो, तर त्याच्या घराला कुलूप. पायरीवर बसतो. एक शब्द बोलत नाही. आणि तिथंच नावं सुरू होतात.

पहिल्यांदा एकच व्हायोलिन. एखादं माणूस स्वतःशीच पुटपुटतं तसं. मग दुसरं येतं, मग रांगच्या रांग. त्याखालून ते ढोल. ती माझ्या ओळखीची धडधड होती. एवढे दिवस मी फक्त तिचा तळवा धरला होता, तोंड आज बघत होतो. पडद्यावर इंग्रजी नावं वर सरकत होती, चळतीच्या चळती. मला वाचता येत नाहीत, पण मागच्या रांगेतून कुणीतरी शेजारच्याला सांगत होतं, हे सगळे व्हायोलिनवाले, आता भोंगेवाले येतील.

आमच्या वस्तीत तरुणपणी गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला गावोगाव कार्यक्रम करायचो. मी कोरसला. गायकानं ओळ टाकली की मागून उचलायची, ढोलकीसारखी नाल वाजली की टाळ्या धरायच्या. भिंतीवरच्या कागदावर गायकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि त्याच्याखाली 'आणि पार्टी'. त्या 'आणि पार्टी'त मी होतो, नालवाला होता, बेंजोवाला होता. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, खरंच नाही. पण नालवाल्याचं नाव संपेपर्यंत माणसं जागेवर बसून राहतील असं मला कुणी तेव्हा सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मी उठायला लागलो. सवय. बायकोनं मनगट धरून खाली बसवलं. "बसा ओ. संपलं न्हाई अजून." मग थोड्या वेळानं पडद्याकडं बघतच म्हणाली, "एवढी माणसं एकदम वाजवत्यात, अन् कुणाचा पाय कुणाच्या पायावर न्हाई."

तेवढ्यात दार उघडलं. दोन्ही पट. पांढरा उजेड सपकन पडद्यावर. नावं पुसल्यासारखी गेली, आणि काय झालं कोण जाणे, ते वाजवणंसुद्धा तुटल्यासारखं वाटलं. मी कधी उभा राहिलो मला कळलं नाही.

"ए, दार लाव की."

सगळं थिएटर मागं वळलं. एकानं मला ओळखलं. हसू फुटलं ते आवरेना. तो गणवेशवाला तिथंच होता, माझ्या मागून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत. "काका," तो म्हणाला, "तुम्हीपण?" बायको तोंडाला पदर लावून हसत होती. बदलीचा गार्ड बिचारा दारात उभा, काय करावं त्याला समजेना. मी शिकवलेलं तो अगदी बरोबर करत होता.

दुसऱ्या दिवशी मी कामावर लवकर गेलो. ताईशी बोललो. तिला विचारलं, सगळ्यात जास्त वेळ कशात जातो. ती म्हणाली झाडायला नाही जात, वाकायला जातो. खुर्चीखालचे लाह्यांचे डबे, ग्लास, बाटल्या. ते नसतील तर झाडू भराभर फिरतो.

खेळ सुरू व्हायच्या आधी मी पडद्यापुढं जाऊन उभा राहिलो. असं करायची मुभा गार्डला नसते. पण चाकणला पाठवायचंच आहे तर पाठवा. मी म्हटलं, "नावं संपेपर्यंत दार उघडणार न्हाई. बॅटरीबी मारणार न्हाई. पण उठताना आपापला डबा, ग्लास आपण उचलायचा आणि दाराशी पिशवीत टाकायचा. बायकांचा अर्धा दिवस कापला तर उद्यापासून दार पहिल्यासारखं." कुणीतरी शिट्टी मारली. मग टाळ्या. मी म्हटलं, टाळ्या नंतर, आधी डबे.

आणि त्यांनी उचलले. शेवटचा सूर थांबला तसे उठले, हातात डबे, शांतपणे रांगेत. ज्यानं यमदूत लिहिलं तो यांच्यातच असेल, मी विचारलं नाही. एक पोरगी तर पुढच्या रांगेतले दुसऱ्यांचेही ग्लास गोळा करून आली. ताई आणि तिची जोडीदारीण आत गेल्या आणि पुढच्या खेळाची माणसं यायच्या आधी बाहेर येऊन दाराशी उभ्या राहिल्या. सुपरवायझरनं घड्याळ बघितलं आणि पुढं गेला. रोज असंच होत गेलं. एखादा नवा आला आणि डबा तसाच टाकून निघाला की बाकीचेच त्याला टोकायचे, भावा, डबा.

मी दाराच्या फटीखाली उजेड येऊ नये म्हणून माझा मफलर लावून ठेवायचो आणि आतल्या बाजूनं पाठ टेकून उभा राहायचो. गुडघे दुखायचे. तरी आतच.

थोड्या दिवसांनी मॅनेजरनं परत बोलावलं. परत मोबाइल. आता लोकांनी लिहिलं होतं की या थिएटरात जा, इथं शेवटचं म्युझिक पूर्ण ऐकायला मिळतं, दारावरचे काका स्वतः ऐकतात, पण डबा उचलायला विसरू नका, नाहीतर खैर नाही. त्यानं वाचून झाल्यावर मोबाइल खाली ठेवला. "काका, चाकणचं रद्द झालं. तुम्ही इथंच राहा."

"मी कुठं चाललो होतो?" मी म्हटलं.

पण पॅसेजमधे येऊन भिंतीला हात लावून जरा उभा राहिलो, हे खरं आहे. या दाराचं मला एवढं वाटतं, हे मलाच माहीत नव्हतं. त्या पोरांचे माझ्यावर उपकार आहेत. तोंडावर मी ते बोललो नाही, माझ्या स्वभावात नाही. म्हणून इथं लिहितो. त्यांनी मला नुसतं बाहेर ढकलायचं सोडून आत घेतलं. आणि त्यांच्यामुळं बायको आणि मी किती वर्षांनी शेजारी शेजारी अंधारात बसलो, तेही धरा.

सिनेमा उतरायच्या दिवशी शेवटचा दुपारचा खेळ. थिएटर अर्धंच होतं, पण बसलेले सगळे जुनेच चेहरे. त्या दिवशी काय मनात आलं, नावं सुरू झाल्याबरोबर ते एकेक करून डबे माझ्याजवळच्या पिशवीत आणून टाकू लागले, वाजवणं चालू असतानाच, पाय न वाजवता, आणि परत जागेवर जाऊन बसले. बायकांना उचलायला काही राहिलंच नाही. मी दार माणूस शिरेल एवढंच किलकिलं करून दोघींना आत घेतलं. दोघी झाडू हातात धरून माझ्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. ढोल आले. ताईनं झाडू खाली उभा टेकवला.

सगळं थांबल्यावर ती म्हणाली, "रोज भायेरून नुसती धडधड ऐकू यायची, बाबा. आत असं हाय व्हय."

"व्हय," मी म्हटलं, आणि दार उघडलं.