नायिका मेली ती फक्त माझ्या वर्गात

"सर, थे बाई मरतच नाही. तुम्ही काऊन मारून राह्यले तिले?"

रोहिणखेडची प्रतिभा स्टाफरूमच्या दारात उभी होती. हातात वही, वहीवर माझी लाल फुली. वीसपैकी चार.

मी मोताळा तालुक्यात बारावीला मराठी साहित्य शिकवतो. नेहमीच्या मराठीहून वरचा, ऐच्छिक विषय. अख्खी कादंबरी वाचायची आणि वाचल्याची वही लिहायची. ऐंशी मार्क पेपरला, वीस वहीला. ते वीस माझ्या हातात. वहीत सातच्या खाली गेला की आमच्या कॉलेजात पेपरलाच बसू देत नाहीत.

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. दारावर नावापुढे एम.ए. रंगवून घेतलंय. त्याची मला लाज नाही.

वर्गात चाळीस पोरं, लायब्ररीत कादंबरीची प्रत एक. म्हणून सगळे गाईड वाचतात. गाईडमध्ये नायिका शेवटी विहिरीत जीव देते. पस्तीस वह्यांत तिने तो दिला होता. रोहिणखेडहून एका जीपने येणाऱ्या पाच पोरींच्या वह्यांत मात्र तिने पिठाची गिरणी टाकली होती. पाचही जणींची चूक सारखी, म्हणजे कॉपी. मी फुल्या मारल्या.

"पुस्तक दाखव," मी म्हणालो.

"कोणता तुकडा दाखवू? पाच हायेत."

एक प्रत, पाच जणी. पोरींनी पुस्तक शिवणीतून उसवलं होतं. रोज जीपमध्ये तुकड्यांची अदलाबदल. शेवटचा तुकडा प्रतिभाच्या दप्तरात होता.

"लायब्ररीच्या पुस्तकाची ही दशा?" मी ओरडलो. ओरडणं सोपं होतं. मग वाचलं. शेवटच्या पानावर गिरणी सुरू होती आणि नायिका पट्टा चढवत होती.

"तुम्ही वाचलं नोहतं का सर?"

"सिलॅबस नवीन आहे," मी म्हणालो. सिलॅबसला चौथं वर्ष लागलं होतं.

प्राचार्यांकडे गेलो. पस्तीस वह्या चुकल्यात म्हटलं.

"पस्तीस नापास? मी वर काय तोंड दाखवू?" ते म्हणाले. "साहित्यात मतमतांतरं असतात, सर. दोन्ही शेवट बरोबर धरा."

"सर, बाई एक तर जिवंत असते, नाही तर मेलेली."

"हे तुम्हाले कधी समजलं?"

"आज सकाळी."

मी स्टाफरूममध्ये परतलो. पाच जणींना वीसपैकी अठरा दिले. बाकीच्या वह्या पुन्हा लिहायला परत केल्या. वर्गात सांगून टाकलं, तिला विहिरीत मीच ढकललं होतं.

"मंग पोलिसात देऊ का सर?" मागच्या बाकावरून आवाज आला. हसू देणं भाग होतं.

तास संपल्यावर प्रतिभाला म्हणालो, "पहिला तुकडा मला दे. सुरुवातीपासून वाचतो."

तिने वहीमागची यादी पाहिली. "पस्तीस जण लागले हायेत सर. तुमचा नंबर छत्तिसावा."

मी नाव लिहिलं, एम.ए. सकट. तिने एम.ए. खोडलं, म्हणाली, "जागा कमी हाय."