बेटाच्या मातीची पुडी

लाखेने सील केलेली ती मातीची पुडी आठवली की आजही माझं डोकं तापतं. निम्मा राग दलालावर आहे. उरलेला कोणावर, ते पुढे कळेलच.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. तहसील कचेरीबाहेर दस्त लिहिणारा एक ओळखीचा माणूस सकाळीच आला. म्हणाला, "साहेब, उमरठच्या वरच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याने सगळी जमीन विकली. खरेदीखतात पैसे मिळाल्याचं लिहिलंय. म्हातारा मात्र सांगतो, पैसे नाहीत, परदेशातल्या बेटावर जमीन मिळणार आहे."

मी म्हाताऱ्याला बोलावून घेतलं. धुतलेलं धोतर नेसून आला बिचारा. आमच्या हवालदाराने विचारलं, "काय बाबा, बेटावर गुरं होडीतून नेणार की पोहत?" सगळं ठाणं खदखदून हसलं. मीही हसलो.

म्हाताऱ्याने मान खाली घातली. "नाय सायब, आमी कुटलं बेटबीट घेतलं नाय," एवढंच बोलून तो निघून गेला. तक्रारदारच नाही म्हटल्यावर गुन्हा कसला नोंदवणार? स्टेशन डायरीत दोन ओळी लिहून मी मोकळा झालो.

दोन दिवसांनी त्याची बायको एकटीच डोंगर उतरून आली. कनवटीतून तिने एक पुडी काढून टेबलावर ठेवली. वर परदेशी अक्षरं छापलेली, तोंडाला लाल लाख.

"पोरगा मुंबयला हाटेलात भांडी घासतो," ती म्हणाली. "दलाल म्हनला, बेटावर जमीन घेतली की तुमी परदेशी गुंतवणूकदार. पोराला तिथं कायम ऱ्हायाचा परवाना भेटंल. ही तिथली माती, ताबा मिळंस्तवर फोडू नका म्हनला. देवाजवळ ठेवलीवती. आता तलाठी म्हनतो, चार दिसांत सातबाऱ्यावरनं आमचं नाव जानार. तुमी हसलात तवापास्नं म्हातारा जेवला नाय सायब."

मी खुर्चीवरून उठलो आणि तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

दलालाला महाडहून उचलून आणलं. कडक इस्त्रीचा शर्ट, तोंडात इंग्रजी. बेटाचे रंगीत फोटो, नकाशा, 'परदेशी गुंतवणूकदार' असं म्हाताऱ्याचं नाव घालून छापलेलं प्रमाणपत्र, सगळी कागदपत्रं त्याने व्यवस्थित मांडली. "ही दिवाणी बाब आहे साहेब, पोलिसांचा संबंध काय?" उलट त्यानेच मला विचारलं. दोन तास तो तसूभरही हलला नाही. पुडीबद्दल विचारलं तर म्हणाला, "कंपनीने खास विमानाने मागवलेली माती आहे. सील फोडलंत तर करार रद्द होईल."

मी दोन पंच बोलावले, म्हातारीला आत घेतलं आणि सगळ्यांसमोर सील फोडलं. वर्तमानपत्रावर काळपट, भुसभुशीत माती पडली. म्हातारीने चिमूट उचलली, तळव्यावर चोळली, नाकाशी नेली आणि थांबली. मग त्यातला एक काळा तुकडा वेचून तिने माझ्यापुढे धरला.

"सायब, ही तर राबाची माती! ह्यो बघा ऐनाचा जळका पाला. ही शेनाची राख."

रोपं करण्याआधी आमच्याकडे पाला आणि शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. मी दलालाकडे वळलो. "कुठल्या बेटावर राब भाजतात रे?"

त्याने पाणी मागितलं. मग सगळं बाहेर आलं. जमीन मोजायला गेला, तेव्हा मऊ दिसली म्हणून त्याने म्हाताऱ्याच्याच राबातली माती पिशवीत भरून आणली होती. त्यांचीच माती त्यांना देऊन त्याने त्यांची जमीन घेतली होती! डोंगरमाथ्यावर बंगले बांधू पाहणारं गिऱ्हाईक त्याने आधीच गाठून ठेवलं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, पण एवढा निर्लज्जपणा पाहिला नव्हता.

"पकडले जाऊ असं वाटलं नाही?" मी विचारलं.

"तक्रार कोण करणार साहेब?" तो शांतपणे म्हणाला. "बेट घेतलं म्हणून सांगायला गेले, तर लोक हसतात."

हवालदाराने मान फिरवली.

त्याच दुपारी गुन्हा दाखल केला आणि म्हातारीची लेखी हरकत तलाठ्याकडे पोहोचवली. सातबाऱ्यावरचं नाव राहिलं. पुढे कोर्टाने खरेदीखतही रद्द केलं, पण तो दिवस बघायला म्हातारा उरला नव्हता.

शिकलो ते एवढंच, की फसवणाऱ्याला खरं संरक्षण वकील देत नाही, आपण देतो. फसलेल्या माणसाला 'एवढंही कळलं नाही का?' असं विचारणारा प्रत्येक जण त्या दलालाचा बिनपगारी नोकर असतो. गणवेश घालून मीही दोन दिवस तीच नोकरी केली.

खटला संपल्यावर मुद्देमाल परत करण्याचा हुकूम झाला. म्हातारीने अंगठा उठवला आणि पुडी पदरात बांधून घेतली. माती राबातच टाकणार, म्हणाली. दारापर्यंत जाऊन ती वळली.

"सायब, आता हसा."

मला हसता आलं नाही.