एक नग, चालू स्थितीत

मालतीवहिनी गेल्याचं मला त्यांच्या मुलानं, अनिलनं, फोनवर सांगितलं. सकाळचे आठ वाजले असतील. "काका, आई गेली... आज पहाटे." एवढं म्हणून तो थांबला, आणि मग जरा संकोचून म्हणाला, "तिनं सांगून ठेवलं होतं की नातेवाइकांच्या आधी तुम्हाला कळवायचं. म्हणायची, इस्टेट ऑफिसला लेखी कळवा, मानद देखभालीची जागा रिकामी झाली." मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. ते ऑफिसही आता दुसऱ्या इमारतीत गेलं आहे, आणि अशी काही जागा होती हे तिथल्या कुणाला ठाऊकही नसेल. मला ठाऊक होतं, कारण ती जागा निर्माण करण्याचं पाप माझंच. रडू येण्याच्या आधी मला हसू आलं. वहिनींच्या बाबतीत हा क्रम नेहमीचाच होता. आज त्याला पाच आठवडे झाले, आणि ही जागा काय होती ते सांगायचं तर आधी एका चुलीबद्दल सांगायला हवं.

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या वसाहतीत अगदी सुरुवातीला परदेशी तज्ज्ञांसाठी काही बंगले बांधले होते. तज्ज्ञ आपापल्या देशात परतले, आणि प्रत्येक बंगल्याच्या मधोमध भिंत घालून त्याचे दोन-दोन क्वार्टर केले गेले. वहिनींचे यजमान हिवरकर फाउंड्रीत फोरमन होते, मूळचे वर्ध्याकडचे. त्यांच्या वाट्याला आलेल्या अर्ध्यात स्वयंपाकघर आलं आणि शेजारच्या अर्ध्यात बाथटब. शेजारचे लोक बाथटबमध्ये वर्षाचे गहू साठवत. हिवरकरांच्या स्वयंपाकघरात भिंतीशी उभी होती ती बिडाची चूल. टेबलाएवढी रुंद, कमरेएवढी उंच, डाव्या हाताला कोळशाचा कप्पा, उजव्या हाताला भट्टी, वर जाड सपाट तवा आणि त्यात उचलून काढता येणारी गोल झाकणं, मागून छताबाहेर गेलेलं धुराडं. आमच्या इस्टेट ऑफिसच्या रजिस्टरात तिची नोंद 'चूल, विलायती, बिडाची, एक नग' अशी होती. तिचं वजन कोणी केलं नव्हतं, कारण तिला कोणी कधी हलवलं नव्हतं.

वहिनींची आणि माझी ओळख भांडणातून झाली. दिल्लीहून कोणी बडे साहेब वसाहत बघायला येणार होते. बडे साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे झाडांच्या बुंध्यांना गेरू लागे आणि रस्त्याकडेच्या दगडांना चुना. त्या वेळी उत्साह जरा जास्तच होता. वहिनी टी. टी. नगरच्या बाजारात गेल्या असताना रंगाऱ्यांची टोळी खिडक्यांचे गज रंगवत रंगवत स्वयंपाकघरात शिरली आणि चुलीला चंदेरी रंग फासून गेली. संध्याकाळी चूल पेटली, रंग तापला आणि अख्ख्या लाइनीत वास सुटला. दुसऱ्या दिवशी वहिनी माझ्या टेबलासमोर उभ्या.

"माझ्या चुलीला रंग लावायचा हुकूम कोणाचा?"

"सही माझी आहे," मी म्हटलं, "पण हुकूम वरून आला होता."

"वरच्यांना मी कुठं शोधू? ज्याची सही, त्यानं दुपारी जेवायला यायचं."

मी गेलो. पिठलं-भाकरी होती, आणि पिठल्याला नव्या पत्र्याच्या पेटीची चव होती. वहिनी समोर बसून मला आग्रहानं वाढत होत्या. हिवरकर खाली मान घालून जेवत होते, त्यांचे खांदे तेवढे हलत होते. त्यानंतर तीन दिवस वहिनींनी विटकरीची पूड आणि नारळाच्या शेंड्या घेऊन ती चूल घासली, तिला जवसाचं तेल चोळलं, आणि ती पुन्हा काळी कुळकुळीत झाल्यावर मला परत बोलावलं. या खेपेला पिठलं पिठल्यासारखं लागलं. बडे साहेब, जाता जाता सांगतो, मोटारीतून उतरलेच नव्हते.

मग माझं जाणं-येणं सुरू झालं. रोजच्या स्वयंपाकाला वहिनींकडे गॅस होता. चूल पेटायची ती एरवी शनिवारी, फाउंड्रीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी, आणि पेटली की एका घराची राहत नसे. चार घरं पलीकडच्या बंगाली काकू केक घेऊन येत, पंजाबी शेजारीण नानखटाई आणत असे, कोणाच्या शेंगदाण्यांचं ताट, कोणाचं दम लावायचं पातेलं. कोणतं भांडं भट्टीत कुठल्या खणात आणि कुणानंतर जायचं हे वहिनी ठरवत, आणि क्वार्टर-वाटपात आम्हाला जे कधी जमलं नाही ते त्यांना तोंडी जमे. सगळ्यांचं झालं की शेवटी त्यांचे स्वतःचे रोडगे. आमच्या विदर्भातले हे कणकेचे जाड गोळे खरं तर शेणीच्या आगीत भाजायचे. वहिनींनी त्यांना विलायती भट्टीची सवय लावली होती. त्यावरून दर शनिवारी एक वाद ठरलेला. बाथटबवाले दुबेजी इंदूरकडचे. ते दारातून डोकावून म्हणायचे, "भाभीजी, ये तो हमारे बाफले हैं, आपने नाम बदल दिया।" वहिनी मागे न बघता म्हणायच्या, "दुबेजी, बाफला पहले पानी में उबलता है। जो पहले ही डूब चुका, वो आग में क्या करेगा?" दुबेजी हरायचे, मग चार रोडगे तुपात बुडवून खायचे आणि पुढच्या शनिवारी तोच मुद्दा घेऊन यायचे.

हिवरकरांची रिटायरमेंट जवळ आली तेव्हा कोलार रोडला त्यांचं घर उभं राहत होतं. तेव्हा तो भाग म्हणजे नुसतं माळरान आणि त्यात मधे मधे स्वप्नं. नकाशात हिवरकरांनी स्वयंपाकघरात एक कोपरा मोकळा ठेवला होता, आणि गवंड्याशी भांडून भिंतीत धुराड्यासाठी गोल भोक करून घेतलं होतं. चूल बरोबर न्यायचीच, हे वहिनींनी गृहीत धरलं होतं. मला ते सांगितलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला. कंपनीची वस्तू रिटायर होणाऱ्या माणसाबरोबर जात नाही. जाण्याचा मार्ग एकच: वस्तू कंडम ठरवायची. राहणाऱ्याने लिहून द्यायचं की ही वस्तू निकामी झाली आहे, तिघांची कमिटी येऊन बघणार, शेरा मारणार, मग ती भंगारात निघणार आणि भंगार कोणीही घेऊ शकतो.

"म्हणजे मी एक सही केली की चूल माझी?"

"कमिटीचे लोक माझ्या ओळखीचे आहेत. त्या दिवशी फक्त चूल पेटवू नका. थंड राहू द्या, दोन कोळसे इकडे-तिकडे सांडा, एक झाकण काढून ठेवा. बाकी मी बघतो."

फॉर्म मी त्यांच्याकडे ठेवून आलो. आठ दिवस तो पोळपाटाखाली होता. हिवरकर मला रोज कॅन्टीनमध्ये गाठून विचारायचे, "केली का हो तिनं सही?" जणू फॉर्म त्यांच्या घरात नसून माझ्या घरात होता. शेवटी मीच गेलो. वहिनी फॉर्म पुढे घेऊन बसल्या होत्या. "निकामी..." त्यांनी तो शब्द दोनदा वाचला. "काल हिच्यात पाच घरांचं भाजून निघालं. मी कसं लिहू?" मी म्हटलं, वहिनी, ही नुसती सरकारी भाषा आहे, तिचा अर्थ घ्यायचा नसतो. माझं अर्धं आयुष्य या एका वाक्यावर चाललं होतं. "तुम्ही नका घेऊ," त्या म्हणाल्या, "पण ते कागदावर राहणार ना? उद्या कोणी उघडून बघितलं तर हिवरकरांच्या बायकोनं बावीस वर्षं निकामी चुलीवर रांधलं असं निघेल." हिवरकर म्हणाले, "अगं, तुला चूल हवी आहे की खरेपणा?" त्यावर त्यांनी सही केली. पेन खाली ठेवलं आणि लगेच उठून चुलीवरचं फडकं नीट केलं, कुणाची तरी माफी मागावी तसं.

कमिटी शनिवारी अकराला येणार होती. मी तिघांना घेऊन वळणावर पोचलो आणि बघतो तो धुराड्यातून धूर. दारात तुपाचा वास. अध्यक्ष सक्सेनाजी सिव्हिलचे, अत्यंत कर्तव्यकठोर. त्यांनी फाइल छातीशी धरली आणि मला विचारलं, "ये कंडम वाला क्वार्टर ही है ना?" आत चूल लालबुंद होती. वहिनी पदर खोचून उभ्या. माझ्याकडे बघून मराठीत म्हणाल्या, "भाऊजी, रागावू नका. घरी तीन माणसं येणार आणि चूल थंड ठेवायची, हे मला जमलं नाही हो. सकाळपासून प्रयत्न केला." मग हिंदीत, "बैठिए साहब, पहले खा लीजिए, फिर देख लीजिए।" सक्सेनाजी म्हणाले की ड्यूटीवर ते काही खात नाहीत. त्यांनी सहा रोडगे खाल्ले. दुसरे सदस्य वांग्याच्या भरताबद्दल काही तांत्रिक प्रश्न विचारत होते, तिसरे डोळे मिटून बसले होते. हात धुऊन झाल्यावर सक्सेनाजींनी फॉर्म उघडला, चुलीकडे पाहिलं, वहिनींच्या सहीकडे पाहिलं. "भाभीजी, आपने लिखा है निकामी।"

"झूठ लिखा है," वहिनी म्हणाल्या. "काट दीजिए।"

हिवरकर मागच्या अंगणात निघून गेले. मी त्यांच्या मागे गेलो. मला वाटलं, माणूस चिडला असेल. ते पेरूच्या झाडाखाली उभे होते. म्हणाले, "कोलारच्या भिंतीत एक्झॉस्ट फॅन बसेल ना हो त्या भोकात?" बसला, अगदी मापात.

आत आलो तेव्हा कमिटीपुढे वेगळाच पेच उभा होता. चूल चालू स्थितीत आहे असं लिहायचं, तर पुढच्या राहणाऱ्याला ती वापरता येईल का, हा रकाना भरावा लागे. आणि ती वापरणं कुणाला येणार? सक्सेनाजी तिथेच पाटावर बसून मला म्हणाले, तूच काहीतरी लिही. मी लिहिलं: 'एक नग, चालू स्थितीत. वापरासाठी प्रशिक्षित व्यक्ती आवश्यक. सदर क्वार्टरच्या वाटपात अशी अट घालावी की मानद देखभालीसाठी श्रीमती हिवरकर यांना दर शनिवारी स्वयंपाकघरात प्रवेश राहील.' असा शेरा त्याआधी कधी लिहिला गेला नसेल, नंतरही नाही. वर सरकत सरकत तो कागद कुठवर गेला कोण जाणे, पण मंजूर होऊन आला. आमच्याकडे वाचून मंजूर झालेले कागद थोडे आणि जड वाटले म्हणून मंजूर झालेले फार.

पुढची जवळपास वीस वर्षं वहिनी दर शनिवारी कोलार रोडहून बस बदलून यायच्या. हिवरकर गेले, त्यानंतर तीन शनिवार आल्या नाहीत, चौथ्या शनिवारी आल्या. क्वार्टरमधली माणसं बदलत राहिली. प्रत्येक नव्या बाईचा पहिला चेहरा मी पाहिलेला आहे: घराबरोबर चूल आली आणि चुलीबरोबर एक म्हातारी, हे काय? महिन्याभरात तीच बाई शनिवारची वाट बघत दारात उभी असे. कोळसा मिळेनासा झाला तेव्हा वहिनी वसाहतीतल्या झाडांच्या छाटलेल्या फांद्या जाळू लागल्या. गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा अनिल गाडीतून आणू लागला. तेही थांबलं तेव्हा त्या मला फोनवर एकच गोष्ट विचारायच्या, "भाऊजी, पेटते ना?" मी म्हणायचो, पेटते. "कोणी तिला निकामी तर म्हणत नाही ना?" मी म्हणायचो, माझ्यासमोर तरी नाही. खरं सांगायचं तर गेल्या वर्षभरात मी तिकडे फिरकलोच नव्हतो.

म्हणून गेल्या शनिवारी गेलो. धुराड्यातून धूर दिसला, तेव्हा कुठे माझं पाऊल जरा मोकळं पडलं. सध्या तिथे पटनायक म्हणून ओडिशाचं कुटुंब राहतं. स्वयंपाकघरात रश्मी पटनायक, दुबेजींची सून ज्योती, आणि अनिलची बायको मेघा, अशा तिघी भट्टीचं दार उघडं टाकून भांडत होत्या. मेघाला तिथे बघून मला आश्चर्य वाटलं. आयुष्यभर तिनं या चुलीला नाक मुरडलं होतं. भांडण मोजण्यावरून होतं. भट्टी तापली की नाही हे वहिनी हातानं बघायच्या. उघडा हात आत धरायचा, आकडे मोजायचे, आणि हात काढून घ्यावासा वाटला की थांबायचं.

"आंटी ने मुझे बारह बोला था," ज्योती म्हणाली. "बारह पे हाथ हटे तो रोडगे डालो।"

"मुझे तो अठारह बोला था!" रश्मी.

मेघा म्हणाली, "मला नऊ सांगितलं होतं. मीच चुकीचं ऐकलं असेल... तसंही मी कधी नीट लक्ष दिलं नाही."

मग रश्मीनं हात आत घातला. ती मोठ्यानं मोजत गेली आणि अठराला तिचा हात बाहेर आला. ज्योतीचा बाराला आला. मेघानं बांगड्या मागे सारल्या, हात आत धरला, आणि बरोबर नवाला तो झटकन मागे घेतला. तिघी एकमेकींकडे बघत राहिल्या. वहिनींनी केव्हातरी प्रत्येकीच्या मागे उभं राहून, तिचा हात किती सोसतो ते पाहून, तिला तिचा आकडा दिला होता. मेघालाही. "म्हणजे त्यांनी माझाही हात बघितला होता," मेघा हळूच म्हणाली, आणि पदरानं नाक पुसलं.

"अंकल, अब आप," ज्योती म्हणाली.

मी हात आत धरला. तिघी मोजू लागल्या. एक, दोन, तीन, चार... चार म्हणेपर्यंत मी हात ओढून घेतला आणि फुंकर घालत बसलो.

"चार!" रश्मी हसत सुटली. "बस चार?"

"फाइलींचा हात आहे तो," मेघा म्हणाली, आणि तिनं रोडग्यांचं ताट भट्टीत सरकवलं.