हातआवरेंचा अंगठा

कारखान्यात त्यांना खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती, तर त्यांनी वळूनही पाहिलं नसतं. टायटॅनियमच्या पत्र्याजवळ येणाऱ्या प्रत्येकाला ते तीस वर्षं एकच वाक्य सुनावत आले होते, "हात आवर!" लोकांनी त्याचंच आडनाव करून टाकलं, हातआवरे.

विमानाच्या इंजिनाभोवती बसणारे बाकदार भाग प्रेसमध्ये दाबून काढायचे, हे त्यांचं काम. टायटॅनियम थंड असताना महाहट्टी. वाकवा, सोडलं की परत ताठ. म्हणून तापलेल्या प्रेसमध्ये घालून सातशे अंशांच्या वर न्यायचं आणि साच्यात वीस मिनिटं दाबून धरायचं. घाई केली तर पत्रा तोंडदेखला वाकतो आणि निवला की मूळ पदावर येतो. पुरता वेळ दिला, तर मात्र आकार धरतो तो कायमचा. "जावयासारखा आहे," हातआवरे म्हणायचे, "धाकाने नमत नाही. ऊब द्या, वेळ द्या."

या जावयाचं वैर मिठाशी. उघड्या बोटाचा घाम लागला, की त्यातलं मीठ तापल्यावर पत्र्याला चावतं आणि तिथेच केसाएवढी चीर धरते. नुसत्या डोळ्यांना ती दिसतही नाही. म्हणून धुतलेला पत्रा पांढरे हातमोजे घालूनच उचलायचा, मग उचलणारा कुणी का असेना.

पत्रे धुण्याच्या टाकीवर एक बाई अकरा वर्षं काम करत होती. घरी अंथरुणाला खिळलेले वडील, मिळवती ती एकटी. कामावर लागली तेव्हा मोजे कसे चढवायचे, कसे उतरवायचे, हे तिला हातआवरेंनीच शिकवलं होतं.

एका दुपारी हातआवरेंच्या मुलीचा फोन आला. घ्यायला म्हणून त्यांनी उजव्या हातातला मोजा काढला. "बाबा, मुलगी झाली मला!" आजोबा झालेला माणूस काही वेळ जमिनीवर नसतो. ते तसेच धुलाईच्या बाईला सांगायला गेले. तीही आनंदाने हसली, काहीतरी चेष्टा केली. परत येऊन पाहतात तो टेबलावरचा पत्रा कडेला कलंडलेला. त्यांनी झेलला, उघड्या हाताने.

नियम सरळ होता, पत्रा परत धुवायला पाठवायचा. पण मग हातआवरेंनीच हात लावला म्हणून सगळं खातं महिनाभर हसलं असतं. त्यांनी मोज्याने जागा पुसली आणि पत्रा आत सरकवला.

तीन आठवड्यांनी तपासणीत चीर सापडली. फोटोत अंगठ्याएवढा डाग होता. रेषा उमटल्या नव्हत्या, मधून फक्त एक तिरपी कोरी पट्टी गेली होती. इतरांना त्यात काही दिसलं नाही. हातआवरेंना स्वतःच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना वण दिसला.

पत्रा धुतला होता धुलाईच्या बाईने, म्हणून ठपका तिच्यावर आला आणि तिला काढायचं ठरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला फार अक्कल लागत नाही.

हातआवरे साहेबांकडे गेले, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं. टेबलावर अंगठा ठेवून म्हणाले, "साहेब, तो डाग माझा आहे."

साहेब अंगठ्याकडे बघेचनात. "तुम्ही घडवल्याचा शिक्का किती तुकड्यांवर आहे?"

"तीस वर्षांतल्या सगळ्यांवर."

"म्हणजे तुमचा हात म्हटलं, तर ते सगळे तुकडे संशयात येणार. त्यातले निम्मे तर आज आकाशात आहेत. तिचा हात म्हटलं, तर एक बाई घरी जाते. तुमच्या निवृत्तीला आठच महिने राहिलेत ना? कशाला हात दाखवून अवलक्षण?"

"पण तिचे वडील..."

"इथे सही करा. मोजे वापरायला तिला तुम्हीच शिकवलं होतं, एवढंच लिहिलंय. खोटं आहे का?"

खोटं नव्हतं. हातआवरेंनी सही केली, खाली शिक्काही मारला. पत्र्याला नमायला वीस मिनिटं लागतात. यांना चार पुरली.

शेवटच्या दिवशी ती कपाट रिकामं करत होती. हातआवरे दारात उभे राहिले.

"पेला राहिला बघ तुझा," ते म्हणाले.

"राहू दे काका." तिने पिशवीला गाठ मारली. "नात कशी आहे?"

"बरी आहे."

"ती झाली म्हणून सांगायला आलात, तेव्हा उजव्या हातात मोजा नव्हता तुमच्या. मी चेष्टेनं म्हटलंसुद्धा, काका, हात आवरा."

त्यांना आठवलं.

"चौकशीत बोलले नाही मी. तुमच्यापुढं माझं कोण ऐकणार होतं? म्हटलं, काका स्वतःच सांगतील."

सांगितलं होतं गं, हे त्यांच्या ओठांवर आलं. पण मग सहीचंही सांगावं लागलं असतं. त्यांना स्वतःची शिसारी आली. ती त्यांच्या बाजूने वाट काढून निघून गेली.

संध्याकाळी घरी मुलगी बाळाला घेऊन आलेली. नातीने आजोबांचा उजवा अंगठा मुठीत पकडला तो सोडेचना.

"बघा ना बाबा, कसा घट्ट धरलाय!" मुलगी कौतुकाने म्हणाली.

हातआवरेंनी ती इवली बोटं एकेक करून सोडवली आणि हात आवरून घेतला.